वॉर्निंगला एरर ठरवण्याआधी

सी++ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या एका जुन्या प्रकल्पात मी रुजू झालो, तेव्हा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचे काम) सुरू केल्यावर टर्मिनलवर वॉर्निंगच्या, म्हणजे कोडचे रूपांतर करणाऱ्या कंपायलरने दिलेल्या संभाव्य चुकांच्या इशाऱ्यांच्या, ओळी मिनिटभर धावत असत आणि त्या कोणीही वाचत नसे. "त्या नेहमीच्याच आहेत," असे शेजारच्या सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितले. त्या गर्दीत एक ओळ अशी होती की, अनसाइन्ड चल (ज्यात ऋण संख्या ठेवता येत नाही) शून्याहून मोठा किंवा शून्याइतका आहे का, ही तुलना कायम खरीच ठरणार आहे. ही तुलना ज्या लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये) होती, तो ॲरेच्या, म्हणजे घटकांच्या यादीच्या, शेवटापासून मागे येत होता. अनसाइन्ड चलाच्या शून्यातून एक वजा केला की उणे एक न होता प्रचंड मोठी संख्या तयार होते आणि लूप थांबायचे नाव घेत नाही. हवा तो घटक सापडताच लूपमधून बाहेर पडण्याची सोय असल्याने चाचण्यांत काहीच कळले नाही. ग्राहकाकडे तो घटक सापडला नाही आणि प्रोग्रॅम कोसळला. दोन दिवस शोधून जे हाती लागले, ते कंपायलर कित्येक महिने सांगत होता.

त्यानंतर आम्ही उत्साहाच्या भरात 'डब्ल्यू-एरर' हा फ्लॅग, म्हणजे प्रत्येक वॉर्निंगला एरर मानून बिल्ड अडवायला सांगणारी कंपायलरची सूचना, सगळ्यांसाठी एकदम लावला, आणि तिथेच चुकलो. आधीच्या शेकडो वॉर्निंग तशाच असल्याने सर्वांचे काम अडले, आणि संध्याकाळपर्यंत तो काढावा लागला. लिनक्स कर्नेलमध्येही (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातही) सप्टेंबर 2021 मध्ये त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी हा नियम सर्व बिल्डसाठी आपोआप लागू केला होता, पण तक्रारी येताच काही दिवसांतच त्याची व्याप्ती कमी करावी लागली. त्यामुळे आपलेच हसे झाले, असे वाटून घेऊ नये.

दुसऱ्या खेपेस आम्ही एकेक फोल्डर साफ केला आणि साफ झालेल्या फोल्डरलाच हा फ्लॅग लावून कुलूप घातले. 'डब्ल्यू-ऑल' या फ्लॅगच्या नावावरून सगळ्या वॉर्निंग मिळतील, असे वाटते, पण त्यावर विसंबू नका. जीसीसी या कंपायलरमध्ये कायम खऱ्या ठरणाऱ्या तुलनेची ती वॉर्निंग 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' लावल्यावरच मिळते. कंपायलरची आवृत्ती बदलली की नव्या वॉर्निंगही येतात: 2017 च्या जीसीसी 7 ने स्विचमध्ये (अनेक पर्यायांतून एक निवडणाऱ्या रचनेत) ब्रेक नसल्याने पुढच्या पर्यायात घसरणाऱ्या केसबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि कालपर्यंत बिनतक्रार बिल्ड होणारा कोड अडू लागला. म्हणून 'डब्ल्यू-एरर' हा फ्लॅग सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि चाचण्या करणाऱ्या यंत्रणेत), ठरलेल्या आवृत्तीच्या कंपायलरसह ठेवावा. बाहेरून कोड उतरवून घेऊन बिल्ड करणाऱ्यावर तो लादू नये.

नवख्यांकडून मात्र वेगळीच चूक होते: मूळ दोष न काढता वॉर्निंग फक्त गप्प करण्याची, आणि ती मीही केली आहे. त्या लूपची माझी पहिली दुरुस्ती म्हणजे तुलनेच्या जागी इंटमध्ये (ऋण संख्याही ठेवणाऱ्या, पण मर्यादित आकाराच्या प्रकारात) केलेला कास्ट, म्हणजे सक्तीचे रूपांतर, होता. वॉर्निंग गेली, लूपही थांबू लागला, पण रिव्ह्यू करणाऱ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: "ॲरे इंटमध्ये न मावण्याइतका मोठा झाला तर?" मी तो कास्ट काढला आणि लूप अनसाइन्ड चलाने न चालवता उलट इटरेटरने (ॲरेच्या घटकांवरून शेवटापासून मागे नेणाऱ्या साधनाने) लिहिला.