वाल्बोरीच्या जाळाला मुलांना नेताना

३० एप्रिलच्या संध्याकाळी स्वीडनभर वाल्बोरीचा जाळ, म्हणजे वसंताच्या स्वागताची मोठी शेकोटी पेटते, बहुतेक ठिकाणी ८ ते ९ च्या दरम्यान. स्टॉकहोममध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि गारठा वाढतो. जाळाकडे तोंड भाजतं, पाठ मात्र काकडते. म्हणून मुलांना आतून लोकरीचा थर घालाच. वरून नायलॉनचं नवं जाकीट नको, एक ठिणगी पडली की भोक पडतं. जाड सुती किंवा लोकरी कोट बरा. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, नाहीतर धुराने डोळे चुरचुरतात आणि मुलं घरी चला म्हणून मागे लागतात. वसंतगीतांचं समूहगान बहुधा जाळाच्या आसपासच होतं. ते चुकवू नका, अर्धा तास आधी पोहोचा. थर्मासमध्ये गरम कोको हवाच.