चॅप्टरमध्ये नवीन आहात? गैरहजेरीचा हिशेब आधी समजून घ्या

बीएनआय म्हणजे धंदेवाल्यांनी एकमेकांना गिऱ्हाइकं सुचवण्याचं, म्हणजे रेफरल देण्याचं नेटवर्क, आणि चॅप्टर म्हणजे त्याचा आपल्या भागातला गट. चॅप्टरची मीटिंग दर आठवड्याला, ९० मिनिटांची, बहुतेक ठिकाणी भल्या सकाळी, आणि एका धंद्याचा एकच मेंबर, हे तुम्हाला व्हिजिटर म्हणून आलात तेव्हाच कळलं असेल. वेळेत या, शेवटपर्यंत बसा, फोन बाजूला ठेवा. त्यावर जास्त लिहीत नाही. मला लिहायचंय ते गैरहजेरीबद्दल, कारण तिथे मी अडकले होते आणि नवे मेंबर अजूनही तिथेच अडकताना दिसतात.

सहा महिन्यांत ३ गैरहजेऱ्या चालतात. एवढंच ऐकलं की वाटतं, जानेवारी ते जून तीन, मग जुलै ते डिसेंबर परत तीन. तसं नाही! कुठलेही सलग सहा महिने धरतात. समजा सप्टेंबरात गणपतीमुळे एक मीटिंग चुकली, दिवाळीत एक, डिसेंबरात घरच्या लग्नामुळे एक. नवीन वर्ष लागलं म्हणून पाटी कोरी होत नाही. जानेवारीत चुकली ती चौथी. मग मेंबरशिप कमिटी तुमच्या धंद्याची जागा दुसऱ्यासाठी मोकळी करू शकते. माझा किचन ट्रॉलीचा धंदा, आणि तेव्हा हातातलं निम्मं काम चॅप्टरमधूनच आलेलं. हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून मीटिंग चुकली की ती तारीख लिहून ठेवा, आणि तिच्यापुढे ती मोजणीतून कधी सुटते तेही लिहा. सप्टेंबरातली गैरहजेरी मार्चमध्ये सुटते, जानेवारीत नाही.

येता येत नसेल तर सब, म्हणजे तुमच्या जागी बसणारा बदली माणूस, पाठवा. सब वेळेत पोहोचून पूर्ण वेळ बसला तर गैरहजेरी लागत नाही. पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘उद्या सब हवाय’ असं टाकून हाती लागेल त्याला पाठवणं मला अजिबात पटत नाही. त्या माणसाला तुमचं काम माहीत नसतं, तो कागद वाचून खाली बसतो. त्यापेक्षा दुकानातला जुना माणूस पाठवा, नाहीतर खूश असलेलं गिऱ्हाईक. गिऱ्हाईक उभं राहून ‘यांनी माझं किचन केलं’ म्हणालं की लोक कान देऊन ऐकतात. मात्र त्याला बजावून सांगा, बोलायचं तुमच्या धंद्याबद्दल, त्याच्या नाही. तुमची कार्डं द्या, आणि चॅप्टरच्या व्हीपींना (व्हाइस प्रेसिडेंटना) आदल्या दिवशीच कळवा.

‘रेफरल देत राहा, हजेरी कोण बघतंय?’ असं सांगणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. पाम्स रिपोर्टमध्ये, म्हणजे मेंबरांच्या नोंदीच्या तक्त्यात, हजेरीचा रकाना वेगळा आणि रेफरलचा वेगळा.

घाबरून मात्र जाऊ नका. आजारपणासाठी वेगळी सोय आहे, फक्त लपवू नका, लगेच फोन करा. आणि मीटिंग चुकलीच, तर त्या दिवशी ज्याचं मोठं प्रेझेंटेशन होतं त्याच्याशी त्याच आठवड्यात वन-टू-वन, म्हणजे दोघांचीच भेट, ठरवा.