इंग्रजी बोलीतले सारखे दिसणारे शब्द: या चुका टाळा

गोव्यात हॉटेल व्यवसायात शिरणाऱ्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना मी बोलीतले इंग्रजी शिकवतो. शब्द ओळखीचा वाटला की शब्दकोश न उघडताच अर्थ ठरवून मोकळे व्हायचे, ही त्यांची सवय मला फार खटकते.

सर्वांत महाग पडणारा शब्द म्हणजे 'निकर्स'. आपल्याकडे गणवेशातली अर्धी चड्डी ती निकर, म्हणून कळंगुटच्या एका हॉटेलात लागलेल्या माझ्या विद्यार्थ्याने तरणतलावापाशी 'पुरुषांनी निकर्स घालूनच पाण्यात उतरावे' अशी इंग्रजी सूचना लावली. ब्रिटिश बोलीत निकर्स म्हणजे बायकांची आतली चड्डी. पाहुण्यांनी सूचनेचे फोटो काढले आणि व्यवस्थापकाने त्या होतकरू मुलाला सर्वांदेखत फैलावर घेतले, याचे मला अजून वाईट वाटते. वॉशिंग्टन अर्व्हिंग याने १८०९ मध्ये निकरबॉकर या काल्पनिक डच इतिहासकाराच्या नावाने न्यूयॉर्कचा इतिहास लिहिला. पुढे त्यातल्या चित्रांत डच माणसे घालतात तशा गुडघ्यापर्यंतच्या सैल विजारींना ते नाव चिकटले आणि त्याचेच 'निकर्स' झाले. 'नॅकर्ड'चा याच्याशी काडीचाही संबंध नाही. नॅकर म्हणजे निकामी घोडे विकत घेऊन मारणारा, आणि नॅकर्ड म्हणजे थकून गळून गेलेला. असे म्हणणाऱ्या पाहुण्याला आधी खोलीची किल्ली द्यावी.

दुसरी चूक अभिमानापोटी होते. 'चिट' म्हणजे कागदाचा चिटोरा, तो आपल्याकडच्या चिठ्ठीवरूनच इंग्रजीत गेला. पण तेवढ्यावरून 'चिटचॅट'ही आपलाच म्हणणे चूक आहे, कारण तिथे 'चॅट'चीच द्विरुक्ती झालेली आहे. पोरसवदा मुलीला म्हणतात तो 'चिट' तर आणखी वेगळा, त्याचा जुना अर्थ प्राण्याचे पिल्लू असा होता. अभिमान बाळगायचाच तर 'डूलॅली'चा बाळगावा. वेड लागलेल्याला लावला जाणारा हा शब्द नाशिकजवळच्या देवळाली छावणीवरून आला. 'डिलीडॅली', म्हणजे चालढकल, त्याचा नातेवाईक नव्हे.

'कॉप' हे 'कॉन्स्टेबल ऑन पट्रोल'चे लघुरूप आहे, ही व्हॉट्सॲपवर फिरणारी माहिती खोटी आहे. पकडणे या अर्थाच्या क्रियापदावरून तो शब्द आला. असल्या आयत्या याद्या पाठ करणाऱ्यांना मी वर्गातच थांबवतो. शब्द कोणाच्या तोंडून आणि कोणत्या वाक्यात ऐकला हे आधी वहीत लिहावे, मग शब्दकोश उघडावा, अशी माझी शिस्त आहे.

'पिस्ड' ब्रिटिश माणसाने म्हटले तर दारू चढली आहे, अमेरिकनाने म्हटले तर तो चिडला आहे. हा शब्द समजण्यापुरताच ठेवावा, पाहुण्यांसमोर स्वतः उच्चारू नये.