छोटे ॲप बनवण्यासाठी साधन निवडताना या चुका टाळा

बडोद्यातील एका लहान मराठी वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारे ॲप मी करायला घेतले, तेव्हा पहिला महिना इलेक्ट्रॉन घ्यावे की फ्लटर (दोन्ही ॲप बनवण्याची साधने), या विचारात आणि नमुने तयार करण्यात गेला. देवघेवीच्या टेबलावरचा संगणक मात्र मी तोवर एकदाही सुरू करून पाहिला नव्हता. तो निघाला विंडोज ७ चा आणि ४ जीबी रॅमचा. इलेक्ट्रॉनने २०२३ मध्ये आलेल्या २३व्या आवृत्तीपासून विंडोज ७ चा आधार काढून घेतला आहे, फ्लटरच्या हल्लीच्या आवृत्त्यांना विंडोज १० किंवा त्यापुढचे लागते आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेपुरते बोलायचे तर ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका आहे. त्यामुळे केलेले सारे बाजूला ठेवून मी पायथॉन ३.८, टीकिंटर (पायथॉनमध्ये खिडक्या-बटणे बनवण्याचे साधन) आणि एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) यांवर आले. विंडोज ७ ला सुरक्षा सुधारणा मिळणे जानेवारी २०२० मध्येच थांबले असल्याने तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवणेही आवश्यक होते. साधनांची तुलना करण्याआधी ॲप ज्या यंत्रावर चालायचे आहे ते यंत्र समोर बसून पाहावे, असे मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगते.

दुसरी चूक ‘मोबाइलवरही असू द्या’ या सहज उच्चारलेल्या वाक्यातून होते. आयफोनसाठी ॲप बांधायचे तर एक्सकोड हे ॲपलचे ॲप बांधण्याचे साधन चालवणारा मॅक लागतो आणि ॲप स्टोअरवर ठेवण्यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. गूगल प्लेचे शुल्क एकदाच, २५ डॉलर आहे. परंतु नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. सभासदांना फक्त पुस्तकांची यादी पाहायची असेल, तर एवढा खटाटोप करू नये. मोबाइलवर नीट दिसणारे वेबपान पुरेसे असते.

सर्वांत जास्त त्रास लिपी देते आणि तिची चाचणी बहुतेक जण शेवटी करतात. आमच्या वर्गणीच्या पावतीवर ‘चिंतामणी’ हे नाव पडद्यावर अगदी बरोबर दिसत होते, पण पीडीएफमध्ये पहिली वेलांटी ‘च’च्या उजवीकडे जाऊन बसली आणि ‘ज्ञानेश्वर’मधली जोडाक्षरे सुटी झाली. फॉन्ट बदलून काही उपयोग झाला नाही, कारण दोष फॉन्टचा नव्हता. पडद्यावर अक्षरांची जुळणी ऑपरेटिंग सिस्टम करून देते. पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक लायब्रऱ्या (म्हणजे तयार कोडचे संच) मात्र अक्षरे साठवलेल्या क्रमानेच एकापुढे एक ठेवतात, आणि वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर. यावर दोन उपाय आहेत: हार्फबझसारखे अक्षरजुळणी करणारे इंजिन वापरणारी लायब्ररी निवडावी, किंवा पावती एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या रूपात, तयार करून ब्राउझरमधून छापावी. बडोद्यात एकाच पावतीवर मराठी आणि गुजराती दोन्ही लागतात, म्हणून दोन्ही लिप्यांतली पाच-सहा अवघड नावे पहिल्याच दिवशी कागदावर छापून पाहावीत.

शोधातही असाच पेच आहे. ‘कादंबऱ्या’ हा शब्द एका कळफलकावरून नुक्तायुक्त (खाली टिंब असलेल्या) ‘ऱ’ने लिहिला जातो, तर दुसऱ्यावरून साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात आणि कपाटात असलेले पुस्तक यादीत सापडत नाही. नोंद साठवताना आणि शोधतानाही दोन्ही रूपे एकाच रूपात आणणारे छोटे फंक्शन लिहिले की हे थांबते. क्रमवारीत ‘क्षितिज’ हा शब्द वर्णमालेच्या शेवटी न येता ‘क’च्या शब्दांत येतो, ते चालणार आहे का, हे ग्रंथपालांनाच विचारावे.

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालते’ ही तक्रार बहुधा फाइल कोठे ठेवली यावरून उद्भवते. ॲप प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवले आणि डेटाबेसही तेथेच ठेवला, तर सामान्य वापरकर्त्याला त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी नसल्याने नोंद जतन होत नाही. डेटाबेस वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये ठेवावा. दोन संगणकांवर काम चालावे म्हणून एसक्यूलाइटची फाइल सामायिक नेटवर्क फोल्डरवर ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण तेथे फाइल-लॉक (एकाच वेळी दोघांनी लिहू नये म्हणून फाइलला लागणारे कुलूप) भरवशाचे नसते आणि फाइल खराब होऊ शकते. खरोखरच देवघेवीची दोन टेबले असतील, तर पोस्टग्रेएसक्यूएलसारखा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्यावा. पायथॉनच्या कोडपासून थेट चालणारी फाइल बनवणाऱ्या पायइन्स्टॉलरने विंडोजची एक्सई फाइल विंडोजवरच बांधावी लागते, लिनक्सवर ती तयार होत नाही. अँड्रॉइड इम्युलेटरने (संगणकावर चालणाऱ्या नकली फोनने) ८ जीबी रॅमचा लॅपटॉप अडकत असेल, तर खरा फोन जोडावा. सेटिंग्जमधील बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात आणि त्यांत यूएसबी डीबगिंग, म्हणजे केबलने जोडून फोनवर ॲप चालवून पाहण्याची सोय, सुरू करता येते.

साधनाचे आयुष्यही पाहावे. मोबाइल ॲप बनवण्याच्या झामारिन या साधनाचा आधार १ मे २०२४ रोजी संपला आणि त्यावर बांधलेली ॲप्स त्याच्या जागी आलेल्या डॉटनेट माउईकडे नेण्याचे काम अनेकांच्या अंगावर पडले. कोणतेही साधन घेण्यापूर्वी त्याची शेवटची आवृत्ती केव्हा आली, हे तपासावे आणि आपण नसताना कोड कोण सांभाळणार, हेही ठरवून ठेवावे. अँड्रॉइड ॲपची स्वाक्षरी-किल्ली (नवी आवृत्ती आपलीच आहे हे सिद्ध करणारी फाइल) आणि तिचा पासवर्ड संस्थेच्या कपाटातील पेनड्राइव्हवर ठेवावा, विकासकाच्या एकट्याच्या लॅपटॉपवर नव्हे. पॅकेजचे नावही, म्हणजे प्लेवर ॲप ओळखणारे नाव, संस्थेचेच द्यावे, कारण प्लेवर ॲप एकदा प्रसिद्ध झाल्यावर ते बदलता येत नाही.