पावसाळ्याची बेगमी करताय? मग या चुका टाळा

दरवर्षी तेच. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं, म्हणजे इशारा पातळी ओलांडली, असा मेसेज मोबाईलवर आला की अर्धी गल्ली मच्छिंद्री झाली का, म्हणजे पुलाच्या ठरलेल्या खुणेला पाणी लागलं का, बघायला शिवाजी पुलाकडं आणि उरलेली अर्धी पिशव्या घेऊन लक्ष्मीपुरीच्या बाजारात. ४३ फूट ही धोका पातळी, आणि पाणी तिथवर यायच्या आधीच दूध, कांदा, बटाटा, मेणबत्त्या सगळं उचललं गेलेलं असतं. मग ज्याला जे मिळालं ते तो घेऊन येतो, कुणाकडं दहा पुडे बिस्किटं आणि मीठ नाही, कुणाकडं पाच किलो साखर आणि डाळ नाही. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. एवढं सगळं बघितलेल्या गावात अजूनही बेगमी करायची म्हणजे शेवटच्या दिवशी पळायचं असं समजतात याचं मला खरंच वाईट वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडची वाहतूक कित्येक दिवस बंद, भाजी, पेट्रोल, सिलिंडर सगळं पलीकडं अडकलं, हे आपण भोगलंय की.

माझं म्हणणं एवढंच आहे की घरात माल असणं म्हणजे बेगमी नव्हे. लाईट नाही, नळाला पाणी नाही, दुकान बंद, अशा वेळी तो माल शिजून ताटात आला पाहिजे. खालच्या बहुतेक चुका या एकाच गोष्टीचा विचार न केल्यानं होतात.

पोतंभर गहू आणि पीठ शून्य

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती नवशिके नाही, चांगल्या मुरलेल्या बायका करतात. आमच्या मामी उत्तरेश्वर पेठेच्या वरच्या अंगाला राहतात. २०१९ ला पाणी त्यांच्या पायरीलासुद्धा लागलं नाही. घरात गव्हाचं पोतं, शाळू वेगळा, सगळं उन्हाळ्यात वाळवून, पाखडून, डबे भरून ठेवलेलं, मामींचं काम एकदम टापटीप. पण लाईट गेली. लाईट नाही म्हणजे गिरण बंद, मिक्सर बंद. पिठाचा डबा नेमका तळाला गेलेला कारण दळण दोन दिवसांनी न्यायचं होतं. मामांना रोज भाकरी लागते, त्यांच्यात भात कमी, त्यामुळं तांदूळ किती, तर पाच-सहा किलो, आणि पलीकडच्या गल्लीतनं दोन घरं पाणी शिरलं म्हणून यांच्याकडं राहायला आलेली, एकूण माणसं तेरा-चौदा. तांदूळ लगेच संपला. मग काय, गहू भिजवून घुगऱ्या. सकाळी घुगऱ्या, रात्री घुगऱ्या, त्यात मीठ आणि चटणी घालून. मोठ्यांनी खाल्ल्या, बारकी पोरं दुसऱ्या दिवशी तोंड फिरवायला लागली. एका म्हाताऱ्या आजींना दात नाहीत, त्यांच्यासाठी मामींनी खलबत्त्यात गहू कुटून लापशी केली, तासभर कुटायचं तेव्हा वाटीभर व्हायचं. पोतं भरलेलं होतं हो, पण पोत्यातलं ताटात यायला मधे गिरण लागते हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

तेव्हापासनं मी काय करते सांगते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पिठाचा डबा अर्ध्याच्या खाली गेला की दळण जातंच, मग बाहेर कितीही ऊन पडलेलं असू दे. पावसाळ्यात पीठ फार दिवस टिकत नाही, कुबट लागतं, जाळी धरते, म्हणून महिन्याचं एकदम दळून ठेवू नका, आठ-दहा दिवसांचं कायम हातात ठेवा. बाजरीचं पीठ तर लगेच कडू होतं, ते बेगमीत धरूच नका. आणि गिरणीशिवाय चालणाऱ्या वस्तू वेगळ्या काढा: तांदूळ, मूगडाळ (तूरडाळीपेक्षा लवकर शिजते, गॅस वाचतो), जाड पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. रवा आणला की त्याच दिवशी कोरडाच भाजून ठेवायचा, भाजलेला रवा जास्त टिकतो आणि ऐनवेळी उपीट दहा मिनिटात होतं. चटणी तर आपल्याकडं उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षाची असतेच, तेवढी बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा, आणि ओला चमचा घालणाऱ्याला घरात कुणीही असो, ओरडा. चटणी, भात आणि तेल एवढं असलं तरी कोल्हापूरकर माणूस दोन दिवस काढतो.

गरम धान्य डब्यात भरणं

उन्हात तापलेलं धान्य तसंच डब्यात ओतलं की आतल्या आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं आणि बुरशी. संध्याकाळी सावलीत पसरा, पूर्ण गार झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी भरा. वाळलंय का बघायला गव्हाचा दाणा दाताखाली धरायचा, कट्‌ करून तुटला तर वाळला, चपटा झाला तर अजून एक ऊन.

जुन्यावर नवीन ओतणं

डब्यात दोन किलो जुना तांदूळ शिल्लक आहे आणि वरनं नवीन दहा किलो ओतला, हे मी इतक्या घरात बघितलंय की आता कुणाच्या स्वयंपाकघरात गेले की माझं लक्ष आधी डब्याकडंच जातं. सोंडे काय करतो, दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो, अळी दाण्याच्या आतच वाढते, बाहेरनं तुम्हाला काही दिसत नाही. पावसाळ्यातल्या उबदार दमट हवेत महिन्याभरात पुढची पिढी तयार. म्हणजे जुन्या दोन किलोत चार सोंडे असतील तर गणपतीपर्यंत सगळ्या बारा किलोचा भुसा झाला म्हणून समजा. डबा पूर्ण रिकामा करायचा, पुसायचा, कडेच्या पत्र्याच्या घडीत पीठ अडकलेलं असतं ते काडीनं काढायचं, उन्हात पालथा घालायचा आणि मगच नवीन. जुनं धान्य बारक्या डब्यात वर काढून आधी ते संपवायचं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक नवीन जोडपं आलं. लॉकडाऊनमध्ये हाल झाले होते म्हणून त्यांनी पुढच्या मे महिन्यात एकदम सगळा साठा केला, व्हिडिओ बघून, एकसारखे पारदर्शक डबे, वर चिठ्ठ्या, बघायला फार सुंदर. तूरडाळ वीस किलो. दोघंजण, दोघं नोकरीला, आठवड्यातनं चारदा बाहेरचं जेवण. मी तेव्हाच म्हटलं, अगं एवढी डाळ संपणार कधी, आणि वाळवलीस का? तर ‘काकी, डबे एअरटाईट आहेत.’ डबा एअरटाईट आहे पण कीड डाळीबरोबर दुकानातनंच आत आलीय ना! नागपंचमीला वरण करायला म्हणून डबा उघडला तर डाळीला भोकंच भोकं आणि वर पांढरी पूड. वीस किलोतली जवळजवळ सगळी गेली. पोरगी रडायला आली होती. हुशार आहे, कष्टाळू आहे, फक्त घाई. एका दुपारी वर्षाची बेगमी होत नाही, वापरातली वस्तू थोडी थोडी जास्त आणत जायची, दोन किलो लागते तिथं तीन आणायची, दोन-तीन महिन्यात साठा आपोआप उभा राहतो आणि तो फिरतासुद्धा राहतो.

डाळीला एरंडेल चोळायचं ते हाताला लागेल इतपतच, निथळायला नको, आणि डाळ आधी वाळलेली पाहिजे. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळवून घाला. ओला पाला घालून बुरशी आणणारे पण आहेत.

इथं एक गोष्ट हात जोडून सांगते. शेतमालाच्या गोदामात टाकतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणीतरी ‘लय भारी, एकही किडा राहत नाही’ म्हणून देतं, त्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्यानंसुद्धा त्यातनं फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात आणि त्यावर उतारा औषध नाही. चार किलो डाळ किडली तर किडू दे.

पूर आहे म्हणजे पाणी आहे असं समजणं

धान्याची यादी सगळे करतात, पिण्याचं पाणी कुणीच धरत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला काय झालं, शिंगणापूर-बालिंग्याची उपसा केंद्रं पुरात गेली, शहराचं पाणी बंद. चहूबाजूला पाणी आणि घरात प्यायला नाही. टँकर आला की घागरी, कळश्या, बादल्या घेऊन एवढी झुंबड की म्हाताऱ्या माणसाला जवळसुद्धा जाता येत नव्हतं.

पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार लिटर धरा. चार माणसं, सात दिवस, म्हणजे ११२ लिटर, वीस लिटरचे सहा जार. बाकी वापरायचं वेगळं. माझी सवय अशी की बंधाऱ्यावर ३५ फूट झाले की घरातली यच्चयावत भांडी भरायची, ३९ ची वाट बघायची नाही. पिण्याचं स्वच्छ धुतलेल्या झाकणाच्या भांड्यात, बाकीचं बॅरल, बादल्या, कुकरसुद्धा. घरातले हसतात, हसू देत. पाणी ओसरलं तर झाडांना घालते. वरची टाकी भरून ठेवा, लाईट गेली की मोटर नाही. आणि टाकी भरलेली दिसली म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांनी डोक्यावरनं अंघोळ करायची नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवायचं. छतावरचं पावसाचं पाणी धुण्याभांड्याला, संडासला चांगलं चालतं, बॅरल पन्हाळीखाली लावा.

तुरटी फिरवली म्हणजे पाणी शुद्ध झालं हा गैरसमज घराघरात आहे. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गाळ बसला की वरचं पाणी कापडानं गाळून घ्यायचं, मग खळखळ उकळायचं, किंवा बाटलीवर लिहिलंय तेवढं क्लोरीनचं औषध घालून अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास कुणाला नको असतो. पूर ओसरल्यावर जुलाबाचे पेशंट का वाढतात ते यातच आलं. ओआरएसची पाकिटं औषधांच्या डब्यात ठेवाच.

थोडक्यात बाकीच्या

इंडक्शन आहे म्हणून दुसरं सिलिंडर रिकामं ठेवणं. लाईट नसेल तर इंडक्शनचा उपयोग काय? रिकामं झालं की त्याच दिवशी बुकिंग. आणि घरात पाणी शिरायची शक्यता असेल तर रेग्युलेटर काढून, सेफ्टी कॅप लावून सिलिंडर वर न्या, नाही जमलं तर खिडकीच्या गजाला बांधा. सिलिंडर पुराच्या पाण्यावर तरंगतं, भरलेलंसुद्धा.

पेट्रोल बाटलीत भरून घरात ठेवणं. कधीच नाही. गाडीची टाकी भरा, बस.

जळण आणि शेणी अंगणात ताडपत्रीखाली ठेवणं. खालनं ओल चढते. विटा, त्यावर फळी, त्यावर शेणी.

सगळे पैसे फोनमध्ये. लाईट आणि रेंज गेली की भाजीवाला रोखच मागतो, दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवा, पाचशेची मोडून देणारा कुणी नसतो.

बॅटरीत सेल वर्षभर तसेच ठेवणं. पाझरतात आणि बॅटरी जाते. सेल काढून शेजारी ठेवायचे. पॉवर बँक महिन्यातनं एकदा चार्ज, ती नुसती ठेवून पण उतरते.

बीपी-शुगरच्या गोळ्या शेवटची पट्टी संपत आल्यावर आणणं. पावसाळ्यात महिन्याच्या पुढं असल्या पाहिजेत. इन्सुलिनवाल्यांनी लाईट गेल्यावर काय करायचं ते डॉक्टरांना आत्ताच विचारा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये असते, फ्रीज बंद पडला की तो उगाच उघडत बसू नका.

आणि साठा खाली ठेवणं. जिन्याखाली, कॉटखाली, तळघरात, जिथं जागा आहे तिथं. ज्यांच्याकडं २०१९ ला फूटभर पाणी होतं त्यांनी कंबरेएवढं धरून चालायचं. माळ्यावर ठेवा, वजन झेपत नसेल तर बारके डबे करा, पण वर. रेशन कार्ड, सातबारा, विम्याची कागदं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीही माळ्यावर.

एवढं करूनही पाणी शिरलं तर ओसरल्यावर जीव तुटतो आणि भिजलेला तांदूळ गच्चीवर वाळत घालतात. तो माणसांनी खायचा नाही आणि जनावरालासुद्धा घालायचा नाही. पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, शेतातली औषधं सगळं मिसळलेलं असतं, वाळवून ते जात नाही. बरणी फिरकीच्या झाकणाची असली तरी आट्यांतनं पाणी आत गेलेलं असू शकतं, तीही टाका. कारखान्यातनं सीलबंद आलेला पत्र्याचा डबा, चेपलेला किंवा गंजलेला नसेल तर, साबणानं धुऊन ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून मग उघडायचा. टाकण्याआधी फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला तलाठी आले की लागतात.