अँथ्रॅक्स किंवा प्लेगची शंका आल्यास उपचाराची सुरुवात कशी करावी

एरवी निरोगी असलेल्या व्यक्तीला तीव्र ताप व धाप असून छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांमधला भाग रुंदावलेला दिसला, तर श्वसनमार्गाच्या अँथ्रॅक्सची (बीजाणू, म्हणजे जिवाणूचे टिकाऊ सुप्त रूप, श्वासातून आत गेल्याने होणाऱ्या आजाराची) शंका घ्यावी. प्रतिजैविकापूर्वी रक्ताचा नमुना कल्चरसाठी (जिवाणू वाढवून ओळखण्याच्या चाचणीसाठी) घ्यावा, मात्र अहवालासाठी उपचार अडवू नयेत. शिरेतून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्यासोबत जिवाणूची विषनिर्मिती रोखणारे क्लिंडामायसिन किंवा लिनेझोलिड द्यावे. मेंदूज्वराची शक्यता वगळली जाईपर्यंत मेरोपेनेमचीही जोड द्यावी. बीजाणू फुप्फुसांत अनेक आठवडे सुप्त राहत असल्याने औषधे सामान्यतः ६० दिवस चालू ठेवावी लागतात, आणि बरे वाटू लागताच गोळ्या सोडण्याचा धोका येथेच सर्वाधिक असतो. अँथ्रॅक्सच्या रुग्णाला विलगीकरणाची गरज नसते.

फुप्फुसाच्या प्लेगचे तसे नाही. लक्षणे दिसल्यापासून २४ तासांत जेंटामायसिनसारखे परिणामकारक औषध मिळाले नाही, तर रुग्ण दगावण्याची शक्यता फार वाढते. शिवाय हा आजार थुंकीच्या तुषारांतून पसरतो. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर किमान ४८ तास रुग्णाला वेगळे ठेवावे, कर्मचाऱ्यांनी मास्क वापरावा आणि निकट संपर्कातील व्यक्तींना ७ दिवस डॉक्सिसायक्लिन द्यावे.

नमुना पाठवताना प्रयोगशाळेला आपली शंका आवर्जून कळवावी, कारण टुलारेमिया या अशाच आणखी एका गंभीर आजाराचे जिवाणू साध्या कल्चरमधूनही तंत्रज्ञांना बाधू शकतात. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेला निदान पक्के होण्याची वाट न पाहता, शंका येताच दूरध्वनीने कळवावे.