मिझोरामच्या छावण्यांना मदत पाठवताना या चुका टाळा

फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्करानं सत्ता बळकावली आणि तिथल्या चिन प्रांतातली हजारो माणसं सीमेवरची तिआऊ नदी ओलांडून मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात आली. त्यांच्यासाठी आम्ही सोलापुरातून चादरी पाठवल्या. चादरी ही निवड योग्यच होती. चंफाई साडेपाच हजार फुटांवर आहे, थंडीत तिथं अंगावर जाड काहीतरी हवंच. बाकी मात्र पुष्कळ चुकलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे, काय हवंय ते न विचारता गोळा करत सुटणं. लोकांनी साड्यांचा ढीग आणून टाकला. तिथल्या बायका साडी नेसत नाहीत, त्या कमरेला पुआन गुंडाळतात. कुणी मायेनं कडक भाकरी आणि ज्वारीचं पीठ बांधून दिलं, पण त्यांचं पोट भातावर. आधी यंग मिझो असोसिएशन या तिथल्या स्वयंसेवी संघटनेच्या स्थानिक शाखेला किंवा छावणीच्या समितीला फोन करा, यादी घ्या. तांदूळ, मीठ, ताडपत्री असं काही असेल तर इथून ट्रक भरू नका. पैसे पाठवा, तिथल्याच बाजारात घेऊ द्या. आणि डागी, उसवलेला माल देऊ नका. घर सोडून आलेल्या माणसाला तो हातात घेताच कळतो.

आमची पहिली गाठ साठ किलोची होती. उतरवायला आलेल्या दोन पोरींना ती जागची हलेना. शेवटी भुरभुर पावसात रस्त्यावरच सुतळी कापून चादरी मोजल्या, निम्म्या भिजल्या. सुती चादर तिथल्या दमट हवेत लवकर वाळत नाही. वीस किलोच्या वर गाठ बांधू नका, आत प्लॅस्टिक घाला, बाहेर नग आणि माप इंग्रजीत लिहा. आमची देवनागरी तिथं कुणालाच वाचता आली नाही. माल पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरच्या आत पोचवा. पावसात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात.

मिझोरामबाहेरच्या माणसाला तिथं इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना लागतो. ड्रायव्हर आणि क्लीनरलाही. तो नसेल तर गाडी आसामच्या सीमेवरच्या वैरेंगतेच्या नाक्यावर अडते. तसं झालं तर वाद घालू नका, आसामातल्या सिल्चरला माल तिथल्या गाडीत भरून पुढे पाठवा. माल पन्नास हजारांच्या वरचा असेल तर दानाचा असला तरी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद काढा.

सीमेवरच्या झोखावथार गावातला पूल ओलांडून स्वतः माल वाटायला जाऊ नका. पलीकडे दुसरा देश आहे, लढाई चालू आहे. समितीच्या ताब्यात द्या.

आणि फोटो. चादर घेणाऱ्या आजीचा चेहरा आपल्या स्टेटसवर दिसला, तर तिचा म्यानमारमध्ये मागे राहिलेला मुलगा लष्कराच्या हाती लागू शकतो. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथंही या माणसांच्या कागदांना कायद्याचा फारसा आधार नाही. नावांच्या याद्या ग्रुपवर टाकू नका. देणगीदारांनी पुरावा मागितला तर गाठींचे नग लिहिलेली समितीची पोचपावती दाखवा, आणि चेहरे आलेले फोटो त्यांच्यासमोरच पुसा.